घरच्या घरी साफसफाई: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सुरुवात करायची तर घरात काय काय आणून ठेवू?

फार नाही. रिठा, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, पांढरं व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड (दुकानात ‘लिंबूसत्व’ म्हणून मागा), चिंच आणि गूळ. यातलं निम्मं सामान स्वयंपाकघरात असतंच. रिठा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. महाद्वार रोड किंवा लक्ष्मीपुरीत चक्कर मारली तर बाकी सगळं एका पिशवीत होतं. शिवाय झाकणाच्या दोन-तीन बाटल्या, एक फवाऱ्याची बाटली आणि चिकटवायला कागदाच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या विसरू नका, त्याचं कारण पुढे येईल.

सामानापेक्षा मळ ओळखणं जास्त महत्त्वाचं. तेल-तूप-चरबीला सोड्यासारखा क्षार लागतो. पाण्याचे पांढरे थर, गंज आणि तांब्यावरचा काळेपणा यांना चिंच, लिंबू, व्हिनेगर असं आंबट लागतं. साधी धूळ आणि घाम रिठ्यानं निघतो. हे एवढं डोक्यात बसलं की मोबाइलवर फिरणाऱ्या शंभर पाककृतींपैकी नव्वद आपोआप बाद होतात.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसतं. म्हणजे डबल ताकद ना?

उलट. सोडा क्षारधर्मी, व्हिनेगर आम्लधर्मी. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. तो फेस म्हणजे सुटणारा कार्बन डायऑक्साइड. दिसायला झकास, पण एकदा फसफसून झालं की बाटलीत भरून ठेवण्यासारखं काही राहत नाही. दोन्ही वापरायचेच असतील तर आगेमागे वापरा: आधी सोड्यानं घासा, धुवा, मग व्हिनेगरचा हात फिरवा.

फळांच्या साली आंबवून करतात ते बायोएन्झाइम कसं करायचं?

प्रमाण १ : ३ : १०. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम फळांच्या साली, १ लिटर पाणी. साली लिंबाच्या, मोसंबीच्या, संत्र्याच्या घ्या. रसाच्या गाड्यावर मोसंबीच्या साली पोत्यानं पडलेल्या असतात. गाडीवाल्या दादांना सकाळी सांगून ठेवलं तर ते ताज्या साली बाजूला काढून देतात. शिजलेलं अन्न, कांदा, तेलकट काही यात घालू नका.

गूळ पाण्यात विरघळवा, साली बारीक चिरून टाका. बाटली प्लॅस्टिकची, रुंद तोंडाची आणि वर चतुर्थांश रिकामी हवी. आत आंबताना वायू तयार होतो, त्यामुळे काचेची बाटली फुटू शकते. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्या आणि वर तरंगणाऱ्या साली काडीनं खाली दाबा. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा पुरे. तिसऱ्या महिन्यात हात न लावता ठेवून द्या. तीन महिन्यांनी फडक्यातून गाळून घ्या. आंबट-गोडसर वास यायला हवा. कुजका वास आला तर फेकून द्या.

फरशी पुसायला अर्ध्या बादलीला पाऊण वाटी पुरते. कमोड आणि बेसिनला तसंच ओतून रात्रभर ठेवायचं. पण कोणत्या फरशीला नको, ते खाली वाचल्याशिवाय बादलीत घालू नका.

एक स्पष्ट सांगते. नावात ‘एन्झाइम’ असलं तरी यातलं बरंचसं काम आंबताना तयार झालेली आम्लं आणि थोडं अल्कोहोल करतात. हे जादूचं पाणी नाही. बाजारात याच्या बाटल्या ‘शंभर रोगांवर उपाय’ म्हणून विकणाऱ्यांना लांबूनच नमस्कार करा.

यासाठी गूळ कुठला घेऊ? चांगला गूळ वाया जातो असं सासूबाई म्हणतात.

सासूबाईंचं बरोबर आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो काय बाटलीत आंबवायला नाही. हंगामात ढेपेचा तळाचा चुरा, पावसाळ्यात पाझरलेला गूळ, वर्षभर डब्यात पडून काळा झालेला खडा, यातलं काहीही चालतं. गुऱ्हाळ ओळखीचं असेल तर काकवी मागा. ती पातळ असल्यानं थोडी जास्त घ्यावी लागते, एवढंच.

पिवळाधमक, चकचकीत गूळ मात्र टाळा. रंग उजळावा म्हणून रसात हायड्रॉस पावडर घालतात, आणि ती पावडर आंबवणाऱ्या यीस्टच्या मुळावर येते. काळपट गूळ खायलाही बरा आणि बाटलीलाही.

बाटलीत वर पांढरी साय आली आहे. बिघडलं का?

नाही. पांढरी, सपाट साय यीस्टची असते, ती हलवून आत मिसळा. काळी, हिरवी, केसाळ बुरशी दिसली तर बाटली रिकामी करा. बहुतेक वेळा साली पाण्याच्या वर राहिल्यामुळे असं होतं.

रिठ्याचं पाणी कसं करू? माझ्या रिठ्याला फेसच येत नाही.

बिया काढल्या होत्या का? फेस येतो तो टरफलातल्या सॅपोनिनमुळे, आणि बी नुसतं वजन वाढवतं. बिया काढलेली १०० ग्रॅम टरफलं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा-वीस मिनिटं मंद उकळा, गार झाल्यावर हातानं चुरगळा आणि गाळा. चोथ्यात अजून थोडं पाणी घालून पुन्हा उकळलं की दुसरं पाणीही निघतं. ते फरशीला वापरा.

फेस साबणाएवढा येणारच नाही, आणि यायची गरजही नाही. बाजारच्या साबणाच्या फेसाची आपल्या डोळ्यांना सवय झालीय. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. रिठ्याचा एक मोठा फायदा बोअरच्या पाण्यात कळतो. तिथे साबणाचा चिकट साका बसतो, रिठ्याचा बसत नाही.

हे पाणी बाहेर दोन-तीन दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं, तेव्हा गाळताना तोंड लांब ठेवा.

रविवारी मटण झाल्यावर भांडी. तांबड्या रश्श्याचा तवंग काही केल्या सुटत नाही.

हा अस्सल कोल्हापुरी प्रश्न, त्यामुळे थोडं सविस्तर.

रिठा इथे हरतो. चरबी आणि तेलाला धुण्याचा सोडा लागतो. पातेलं मोरीत टाकायच्या आधी रद्दी कागदानं कट पुसून काढा. हे एक काम केलंत तर निम्मं संपलं, आणि ड्रेनेजही तुंबत नाही. मग एक लिटर कडकडीत गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून ते पातेल्यात ओता आणि अर्धा तास जेवणानंतरच्या गप्पा मारा. सोडा चरबीचा थोडाफार साबणच करून टाकतो. चुलीतली लाकडाची राख पिढ्यान् पिढ्या हेच करत आली. राखेतही क्षारच असतो. घरी अजून चूल पेटत असेल तर राख चाळून ठेवा, पण दगडी कोळशाची नको.

घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा नारळाचा काथ्या. परसात घोसाळ्याचा वेल असेल तर दोन-चार घोसाळी मुद्दाम जून होऊ द्या.

आता काय करू नये ते. ॲल्युमिनियम आणि हिंडालियमच्या भांड्यांना धुण्याचा सोडा लावू नका, ती काळी पडतात. नॉनस्टिकला राख नको. बिडाच्या तव्याला तर सोडाही नको, राखही नको. त्यावर मुरलेला तेलाचा थर निघून जातो. आणि धुण्याचा सोडा हातात घेताना मोजे घाला. खाण्याच्या सोड्यापेक्षा तो कितीतरी कडक असतो, कातडी सोलवटते.

रश्श्यामुळे प्लॅस्टिकचा डबा केशरी झाला असेल तर तो उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो. मिरचीचा उरलेला डाग तेलात असतो, म्हणून आधी कोरड्या कागदानं तेल पुसा, मग सोडा.

व्हिनेगरनं फरशी पुसली तर चमक येते म्हणे?

तुमची फरशी कुठली, त्यावर आहे. जुन्या पेठांमधल्या वाड्यांत शहाबादी फरशी असते, ओट्याला कडाप्पा असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच घरातला. आम्ल लागलं की चुनखडी विरघळते, फरशी खरखरीत आणि निस्तेज होते, आणि गेलेली चमक पॉलिशवाल्याशिवाय परत येत नाही. मोझॅकच्या टाइलमध्येही संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, म्हणून तिलाही आंबट काही नको. लिंबू, व्हिनेगर, चिंच, बायोएन्झाइम, सगळं यात आलं.

ओळखायचं कसं? कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. बुडबुडे आले किंवा डाग निस्तेज दिसला, तर या दगडांना फक्त रिठ्याचं पातळ पाणी. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल असेल तर बायोएन्झाइम खुशाल वापरा.

लिंबू पिळताना कडाप्प्यावर थेंब पडले तर लगेच पुसायची सवय लावा. ओट्यावरचे ते पांढुरके ठिपके त्याचेच असतात.

नवरात्रात देवाची भांडी काढायची आहेत. तांबं-पितळ उजळायला सगळ्यात चांगलं काय?

चिंच आणि मीठ. कोकणातून आलेली आमसुलं असतील तर तीही तितकीच छान. काळा थर हा तांब्याचा ऑक्साइड, तो आंबटात विरघळतो. चिंच कोमट पाण्यात कोळून त्यात चिमूटभर मीठ घाला, हलक्या हातानं फिरवा, स्वच्छ धुवा आणि लगेच कोरडं पुसा. ओलं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग हजर.

पितळेवर चिंच तासन्‌तास थापून ठेवू नका. आम्ल पितळेतलं जस्त आधी खातं, मग भांडं तांबूस दिसायला लागतं. पुष्कळांना ते ‘उजळलं’ असं वाटतं, पण ते झिजलेलं असतं. कल्हई केलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला तर चिंच-राख अजिबात लावू नका. कल्हईवाले आता गल्लीत हाक मारत येत नाहीत, उडालेली कल्हई परत करून घेणं सोपं राहिलेलं नाही.

आणि चांदी? हुपरीचे पैंजण काळे पडलेत.

रोजच्या वापराच्या पैंजणांना रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. सराफही रिठाच वापरत आलेत. फारच काळे असतील तर भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरा, त्यावर चांदी ठेवा, गरम पाणी ओता आणि त्यात चमचाभर खाण्याचा सोडा व मीठ घाला. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, यात त्याची पुन्हा चांदीच होते. घासून चांदी झिजवण्यापेक्षा हे बरं.

मात्र नक्षीत मुद्दाम काळं भरलेलं असेल, म्हणजे ऑक्सिडाइज्ड काम असेल, तर हा उपाय नको. नक्षी पांढरीफट्ट होईल. खडे किंवा लाख भरलेल्या दागिन्यांनाही गरम पाणी नको.

जोतिबाहून आलो, गुलालानं सगळे कपडे गुलाबी झालेत.

चांगभलं! पण आधी पाणी लावू नका. चैत्र यात्रेहून आल्यावर घाईनं सगळे कपडे बादलीत टाकतात आणि मग सगळ्यांचा एकच रंग होतो. गच्चीत नेऊन कोरडेच झटका, ब्रशनं झाडा. मग एकेक कपडा वेगळा, भरपूर गार पाण्यात, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत खळबळा. त्यानंतर रिठ्याच्या पाण्यात अर्धा तास. गरम पाण्यानं रंग बसतो, म्हणून ते पहिल्या धुण्याला नकोच. तरीही पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी झाक राहिली, तर तो जोतिबाला जायचा सदरा म्हणून ठेवून द्या.

पट्टणकोडोलीच्या यात्रेतला भंडारा हा वेगळा प्रकार. हळद साबण किंवा सोडा लागताच लाल होते. घाबरू नका, क्षारात तिचा रंग तसा बदलतोच. आंबटाचा हात लावला की परत पिवळी होते. डाग धुवून कडक उन्हात टाका, दोन-तीन दिवसांत फिका पडेल.

इरकल, रेशमी लुगडं, घोंगडं यांना काय चालतं?

रिठा, गार पाणी, सावली. रेशीम आणि लोकर हे प्राण्यांचे धागे, त्यांना क्षार चालत नाही, म्हणून सोडा दूर ठेवा. घोंगडं तर वारंवार धुवायचंच नसतं: ऊन दाखवा, झटका, आणि वर्षातून एकदा रिठ्याच्या पाण्यात बुडवून न पिळता निथळत टाका. नव्या इरकलीचा पदर वेगळा भिजवून रंग जातो का ते आधी बघा.

रोजचे सुती कपडे मशीनमध्ये धुवायचे तर आठ-दहा रिठ्यांची टरफलं फडक्याच्या पुरचुंडीत बांधून टाका. कॉलरचा मळ आणि मोटारसायकलचं ग्रीस याला साबणाची वडीच लागते.

कोल्हापुरी चपलेवर पावसाळ्यात बुरशी आली.

इथे आपलं एकही द्रावण वापरू नका. हे चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. सोडा त्याला ठिसूळ करतो, भरपूर पाणी त्याचा आकार घालवतं. कोरड्या ब्रशनं बुरशी घराबाहेर झाडा, घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा, सावलीत दोन दिवस वाळवा, मग खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात. उन्हात किंवा गिझरजवळ ठेवू नका. पावसाळ्यात ती घालूच नयेत, हा खरा उपाय.

बोअरच्या पाण्यानं नळ, शॉवर, गिझर सगळं पांढरं झालंय.

एक लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक ॲसिड. शॉवरचं तोंड काढून तासभर बुडवा. नळाला त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा. व्हिनेगरपेक्षा हे स्वस्त पडतं आणि वासही नाही. फक्त खालची फरशी शहाबादी असेल तर थेंब पडू देऊ नका.

मोरी तुंबली तर सोडा-व्हिनेगर?

त्याचा फेस दिसतो, तुंबलेलं मात्र क्वचितच सुटतं. जाळी काढून केस उपसा. मग धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी ओता. उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. त्यानंतरही पाणी उभं राहिलं तर प्लंबरला बोलवा.

यानं जंतू मरतात का?

खात्रीनं नाही. व्हिनेगर, लिंबू, बायोएन्झाइम काही जंतूंना कमी करतात, पण त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. कच्चं मटण किंवा चिकन कापलेला पाट साबण आणि गरम पाण्यानं घासा, धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. तिथे नैसर्गिकपणाचा हट्ट धरू नका.

पुराचं पाणी घरात आलं तर विषयच वेगळा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पंचगंगा शिरली त्यांना माहीत आहे, त्या पाण्यात गटार असतं, डिझेल असतं, मेलेली जनावरं असतात. अशा घराला क्लोरीनचं जंतुनाशकच लागतं. पण क्रम पाळा: आधी चिखल उपसा, साबणानं धुवा, मग ब्लीचिंगचं पाणी लावा. चिखलावर ओतलेलं ब्लीचिंग चिखलातच खर्ची पडतं. घरात कुणी आजारी, तान्हं बाळ किंवा ऑपरेशन झालेलं माणूस असेल तर डॉक्टर सांगतील ते जंतुनाशक वापरा.

कशात काय अजिबात मिसळू नये?

ब्लीचमध्ये कुठलंही आंबट नको: व्हिनेगर नको, सायट्रिक ॲसिड नको, संडासाचं ॲसिड नको, बायोएन्झाइमही नको. विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र नको. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकाच बाटलीत नको. कमोडमध्ये काल रात्री बायोएन्झाइम ओतलं असेल तर सकाळी भरपूर पाणी सोडल्याशिवाय दुसरं काही टाकू नका.

आणि चिठ्ठ्या! कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं पिवळसर पाणी लहान मूल सरबत समजून पिऊ शकतं. नाव, तारीख लिहा आणि बाटली वरच्या फळीवर ठेवा.

सगळं नैसर्गिक आहे, मग घाटावर कपडे धुवायला हरकत नाही ना?

आहे. रिठ्यातलं सॅपोनिन माशांना विषारी असतं. रिठ्यासारख्या सॅपोनिनवाल्या वनस्पती ठेचून पाण्यात टाकून मासे धरण्याची जुनी पद्धत त्यावरच चालायची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून झालेली ही पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत जाते, तेव्हा आपण इथे सोडलेलं पुढच्या गावाला पोचतंच. पंचगंगेला आणि रंकाळ्याला जास्त त्रास आपल्या कपड्यांपेक्षा न शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा आहे, हे खरं. तरी धुणं घरी, पाणी गटारात.

बागेचं म्हणाल तर रिठ्याचं पातळ पाणी झाडांना चालतं. सोड्याचं पाणी नको, त्यातल्या सोडियमनं माती घट्ट होते. तुळशीवर कुठलंच नको.

घरात मांजर आहे. सुगंधी तेल घातलं तर?

निलगिरी, टी ट्री यांची तेलं मांजरांना घातक ठरतात. मांजर फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं. लिंबाच्या सालींचं तेलही मांजरांना त्रासदायकच, तेव्हा वासासाठी वेगळं काही घालू नका. कापराच्या वड्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, पोटात गेल्या तर झटके येतात.

स्वस्त पडतं का खरंच?

फरशी, काच, नळ, तांबं-पितळ यांना नक्की. काचेला एक वाटी व्हिनेगर, तीन वाट्या पाणी, जुनं वर्तमानपत्र. याहून स्वस्त काय असणार. कपड्यांचा हिशेब मात्र काठावर बसतो, चांगला रिठा काही फुकट मिळत नाही. आणि वेळ मोजलात तर गणित बदलतं. मी स्वतः भांड्यांना साबण बंद केलेला नाही, करणारही नाही.

कामाला येणाऱ्या मावशी हे वापरायला तयार नाहीत. फेस येत नाही म्हणतात.

त्यांचं ऐका. त्या पाच घरची भांडी घासतात, कुठल्या गोष्टीनं काम लवकर होतं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्या हातांवर दिवसभर सोडाही जातो आणि ॲसिडही, म्हणून आधी मोजे द्या आणि खोबरेल तेलाची वाटी मोरीजवळ ठेवा. कट कागदानं पुसून, गरम पाणी ओतून भांडी त्यांच्या पुढ्यात ठेवलीत तर साबण आपोआप कमी लागतो. फरशीला मात्र बायोएन्झाइम वापरून बघायला सांगा. फडकं पिळताना हाताची आग होत नाही ना, ते त्यांनाच विचारा, आणि होत असेल तर अजून पातळ करा.